चार बोटं उंच

मी या पडक्या किल्ल्याच्या बुरुजातली पायरी बोलतेय. गोल जिन्यातली एकविसावी. ओळख नंतर करून घेऊ, आधी पाय जरा जास्त उचला. माझ्या बहिणी प्रत्येकी एक वीत उंच. मी एक वीत आणि वर चार बोटं.

ही चूक नव्हे. टेकडीखालच्या खाणीत पाथरवटाने वीस दगड भराभर उरकले आणि माझ्यापाशी थांबला. दोन दिवस घासत बसला. जावई हाताखाली होता. तो म्हणाला, "मामा, ही मापात बसत नाहीये."

"बसायचीच नाही," सासरा म्हणाला. "घरच्यांच्या पायाला ती आठवडाभरात कळेल. परका तलवार घेऊन अंधारात धावत येईल, त्याला पडल्यावर कळेल."

तसे परके एकदाच आले. पुढचा माझ्यावर तोंडघशी पडला, मागचे त्याच्यावर, आणि तेवढ्यात वरच्यांनी दार लावून घेतलं. एरवी माझा हिसका बसला तो पाहुण्यांना. किल्ल्याच्या धनिणीचा धाकटा भाऊ दर वर्षी यायचा आणि दर वर्षी पडायचा. "अक्का, काढून टाक ही पायरी," म्हणायचा. अक्का म्हणायची, "पायरी जागच्या जागीच आहे. तुझं लक्ष कुठे असतं, ते सांग." त्याच जिन्याने पाणी वाहणारी बाई उकळत्या पाण्याचा हंडा घेऊन वर जायची, तीही मागे वळून कुणाशी तरी भांडत, आणि थेंब सांडत नसे.

पुढे माणसं गेली. छपरं बसली. खालच्या गावाने तटाचे दगड नेऊन घरं बांधली. मी त्यांना नावं ठेवत नाही. घडवलेला माल दारात पडलेला, कोण सोडेल? मलाही दोघे मापून गेले. "हिचा जोड कशालाच लागायचा नाही," एक म्हणाला. बेढब राहिले म्हणून टिकले.

मग पुष्कळ वर्षं गवत आणि पाली. आणि आता तुम्ही. तुमची एक गंमत सांगते. ठेच लागली की माणूस आधी मागे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. मग माझ्याकडे रागाने बघतो. स्वतःच्या पायाकडे अजून कुणी पाहिलेलं नाही.

माझ्या पाच पायऱ्या खाली भिंतीत झरोका आहे. तिथे स्टुलावर मावशी बसायची, बुरुजाची रखवालदार. सव्वीस वर्षं. "ताई, पुढची पाचवी उंच आहे हं. काका, फोटो वर जाऊन काढा, इथे पाय बघा." येणाऱ्या प्रत्येकाला. तिच्या तोंडून निघालं की लोक पाय उचलायचे. मला वाटे, चला, या वयात मलाही एक घरचं माणूस मिळालं.

गेल्या महिन्यात तिच्या लेकीचा फोन आला. नातवाला पहिला दात आला होता. मावशी झरोक्याकडे तोंड करून ऐकत होती, हसत होती. तेवढ्यात एक शिक्षिका तिच्यामागून वर गेली आणि माझ्यावर पडली. मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या खात्याचे साहेब आले. मावशी म्हणाली, "मी सांगितलं होतं साहेब. पायरीच खोटी आहे."

नोकरी जाईल ही भीती होती तिला. मला ते कळत होतं. तरी लागलं.

साहेबांनी सरळ हिशोब केला. सांगूनही माणूस पडतो, म्हणजे सांगण्याचा उपयोग नाही. पायरी तासून सारखी करा, नाही जमलं तर जिना कायमचा बंद.

तासायला पाथरवट आला, केस पिकलेला. मला बघून तो मनातून शरमला. आपल्या धंद्यातल्या कुणीतरी असं काम करून ठेवावं! त्या रागात माप घ्यायचंच विसरला आणि पहिला घाव घातला. माझ्या कडेचा टवका उडाला. मग दगडाचा आवाज ऐकून तो थबकला. हात फिरवला. काटकोन बघायचा गुण्या लावला. बाविसाव्या पायरीला काठी लावून पाहिली आणि खाली बसला.

"मावशी, जरा वर या. या दगडावर जेवढा हात फिरलाय तेवढा बाकी साऱ्यांवर मिळून नाही. चुकणारा माणूस एवढं घासत बसत नाही. आणि ही कापली, तर बाविसावी उंच होणार. मग ती कापा, मग तेविसावी. असं करत बुरूजच खाली आणावा लागेल."

"मग काय करायचं, मिस्त्री?"

"मी काय करणार. कापता येत नाही, असं साहेबांना सांगतो. ते जिना बंद करतील."

मावशी भिंतीला धरून वर आली. मग माझ्यावरच बसली.

"त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "फोनवर होते."

पाथरवटाने हत्यारं पिशवीत भरली. "हे मला सांगून काय उपयोग? चला, साहेब खालीच आहेत. मी येतो बरोबर."

ती गेली. साहेब आधी तापले, मग म्हणे विचारात पडले. सव्वीस वर्षांत सांगितलेला माणूस एकही पडला नव्हता, म्हणजे सांगण्याचा उपयोग होता. जिना उघडा राहिला. मला कुणी हात लावला नाही. मावशीची मात्र टेकडीच्या पायथ्याशी, फाटकावर बदली झाली. नोकरी राहिली, झरोका गेला. तिथे आता दुसरा रखवालदार बसतो. बिचारा नेमाने सांगतो, पण वाचून दाखवल्यासारखं.

मावशीला आता फाटक सोडून इथवर येता येत नाही, आणि मी तर उतरायची नाही. म्हणून तुम्हाला एक काम सांगते. परतताना फाटकावर जाड भिंगांचा चष्मा लावलेली, तिकिटं फाडणारी बाई दिसेल. तिला म्हणावं, एकविसावी बरी आहे, तिचा राग गेला. तिला फार लागलंही नव्हतं.

टवक्याचं तेवढं सांगू नका.