बरणी गप्प झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. खाऊची नव्हे, गोट्यांची नव्हे आणि मुंगळे पकडून ठेवायची तर मुळीच नव्हे. मी दवाखान्यातली बरणी. लहान बाळांना श्वास घ्यायला शिकवणं हा माझा व्यवसाय. हसू नका. मला स्वतःला नाक नाही हे मलाही ठाऊक आहे. पण मी आजवर जेवढ्या नाकांना वळण लावलं, तेवढी नाकं तुमच्या अख्ख्या शाळेत सापडायची नाहीत.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. मला घडवणाऱ्या कारागिराचे गाल एवढे मोठे होते की तो शिंकला तर धुराडं वाकायचं, आणि पलीकडच्या गल्लीतली माणसं आपापल्या टोप्या शोधत हिंडायची. बरं, धुराड्याचं सोडून द्या, त्यात थोडी भर माझी आहे. गाल मात्र खरंच मोठे होते. त्याने लांब नळीतून फुंकर घातली आणि मी फुगत गेले. "जरा बुटकी झाली," असं म्हणून त्याने मला बाजूला ठेवलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण बुटकी आणि बसकी वस्तू धक्का लागला तरी आडवी होत नाही, हे दवाखान्याच्या खरेदीवाल्याने ओळखलं आणि मी तिथे आले.

पहिली काही वर्षं मी मोठ्या सिस्टरच्या टेबलावर कात्र्या आणि पेनं पोटात घेऊन बसले होते. मग एके दिवशी ताईने मला उचललं, उजेडात धरलं, गोल फिरवून पाहिलं आणि कात्र्या टेबलावर ओतल्या. "ही मी नेते," ती म्हणाली. झालं. माझं नशीब पालटलं.

ताई म्हणजे बाळांच्या फुप्फुसांची डॉक्टर. अख्खा विभाग तिला ताई म्हणायचा, कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ त्याच विभागात मेंदूचा डॉक्टर होता आणि चारचौघांत तिला ताईच म्हणायचा. ती त्याला छोटू म्हणायची. या छोटूच्या डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता आणि दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची. तरी छोटूच.

त्यांच्या विभागात अपुऱ्या दिवसांची बाळं यायची. म्हणजे आईच्या पोटात अजून बरेच दिवस राहायचं, तर ती घाईघाईने बाहेर आलेली. अशा बाळाची फुप्फुसं ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी आतून चिकटतात. प्रत्येक श्वासाला ती नव्याने सोडवायची म्हणजे मुठीएवढ्या जिवाची दमछाक. मोठं यंत्र जोराने हवा आत ढकलतं. त्या यंत्राने कितीतरी जीव वाचवले आहेत, त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, जरी ते माझ्याशी कधी सरळ बोललं नाही. पण दिवसेंदिवस तसं ढकलत राहिलं तर कोवळं फुप्फुस दुखावतं. ताईचं म्हणणं असं, की बाळाला श्वास त्याचा त्यालाच घेऊ द्यावा, आपण फक्त पिशवी मिटू देऊ नये.

ते काम माझं. बाळाच्या नाकात मऊ नळी, त्या नळीतून हवा, आणि नळीचं दुसरं टोक माझ्या पोटातल्या पाण्यात बुडवलेलं. हवेला बाहेर पडायचं तर माझं पाणी ढकलून पडावं लागतं. तेवढा हलका दाब बाळाच्या छातीत टिकून राहतो. आणि मी? मी बुडबुडते. बुडबुड, बुडबुड, दिवसभर.

इथेच भांडणाला तोंड फुटलं. कारण छोटू मेंदूवाला. त्याचं संशोधन वेगळंच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या कोळ्याच्या धाग्याइतक्या नाजूक. रक्त संथ वाहिलं तर ठीक, एकदम उसळलं की धागा तुटतो. म्हणून त्याने विभागात 'शांत तास' सुरू केला होता. दुपारी पडदे ओढायचे, मऊ तळव्यांच्या चपला घालायच्या, फोन बंद, बोलणं बंद. तेवढ्या वेळात यंत्रांच्या घंटासुद्धा वाजायच्या नाहीत, नुसते दिवे लुकलुकायचे. भिंतीवर ओठांवर बोट ठेवलेल्या नर्सचं चित्र होतं. त्या चित्राला सगळे घाबरायचे, अगदी दवाखान्याचे प्रमुखसुद्धा.

"ताई, तुझी बरणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही," छोटू म्हणायचा. "पोरांचे मेंदू आहेत ते, धोबीघाटावरचे दगड नाहीत."

"श्वासच थांबला तर तुझा मेंदू चालणार कशावर, छोटू? बॅटरीवर?"

"तू आईसमोरही अशीच बोलायचीस."

"आणि तू आईसमोरही असाच रडायचास."

अशा दिवसांत चिमटी आली. हे नाव तिच्या आत्याने ठेवलं, कारण ती खरोखरच चिमटीत मावेल एवढी होती. तिच्या आईचं आधीचं बाळ याच विभागातून घरी गेलं नव्हतं. त्यामुळे ती काचेच्या पेटीपाशी बसायची ती जीव मुठीत धरून. कुणी काही सांगितलं की मान हलवायची, कुणाला काही विचारायची नाही. विचारलं तर नको ते उत्तर येईल, अशी भीती.

आत्याचं मात्र तसं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला अपचन झालंय का हो? केव्हाची गुरगुरते आहे."

"गुरगुरते आहे तोवर आपण निवांत," मोठी सिस्टर म्हणाली. "नाकातली नळी सरकली की हवा तिथूनच निसटते, मग इथे बुडबुडा येत नाही. यंत्राला कळायच्या आधी हिला कळतं. ही गप्प बसली तर धावायचं."

आत्याने मग माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. मीही एक मोठा बुडबुडा सोडला.

शेवटी छोटूने तोडगा काढला. शांत तासापुरती बरणी काचेच्या भिंतीपलीकडे, हात धुवायच्या खोलीत ठेवायची. नळी लांब करायची. बाळ हलणार नाही, फक्त आवाज हलेल. ताईने कपाळाला आठ्या घातल्या. पण तीही संशोधन करणारी बाई, करून बघण्याआधी नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. "करून बघू. तुझं खरं ठरलं तर मी कान पकडेन. पण काचेतून दिसेल अशी ठेव."

मला साबणाच्या डबीशेजारी ठेवलं. अपमान कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. पलीकडे एक लाल बादली होती, ती फिस्सकन हसल्याचं मी स्वतः ऐकलं.

पडदे ओढले गेले. चिमटीच्या टाळूवर छोटूने आपलं सोनोग्राफीचं छोटं यंत्र अलगद टेकवलं. त्याच्या पडद्यावर तिच्या मेंदूतल्या रक्ताची लाट दिसायची, एकसारखी, ओळीने चाललेल्या टेकड्यांसारखी. खोलीत टाचणी पडली असती तरी तिला लाज वाटली असती, इतकी शांतता.

आणि चिमटीने मान वळवली. नळी नाकातून सरकली. माझ्या पोटातला शेवटचा बुडबुडा वर आला, फुटला आणि त्यामागे दुसरा आलाच नाही.

मित्रांनो, मी गप्प बसले. मला जेवढं जोरात गप्प बसता येतं तेवढं बसले. पण तिथे माझं गप्प बसणं ऐकायला होतं कोण? साबण?

चिमटीचं पोट खोल जाऊ लागलं. आईला ते दिसलं. तिने हात वर केला. छोटूने पडद्यावरची नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं, भिंतीवरच्या चित्रासारखं. आईचा हात तसाच हवेत राहिला. एवढा मोठा डॉक्टर गप्प म्हणतो आहे, म्हणजे सगळं ठीकच असणार, असं तिने स्वतःला समजावलं असेल.

तेवढ्यात टेकड्या वेड्यावाकड्या झाल्या. एक उंच, एक बुटकी, मग नुसता खळगा. छोटूला वाटलं, टाळूवरचं यंत्र नीट टेकलं नाही. शिकलेल्या माणसाला आधी आपलं यंत्रच बिघडल्यासारखं वाटतं. त्याने बटण फिरवलं. थोडं जेल आणखी लावलं. टेकड्या आणखी उसळल्या. मग त्याने मान वर केली, तर आईचा हात अजून वरच होता आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने काचेतून पलीकडे पाहिलं. माझं पाणी आरशासारखं थिजलेलं. त्यात त्याला स्वतःचं टक्कल दिसलं असावं.

"ताई!"

शांत तास सुरू करणारा माणूस असा ओरडला, की माझ्या शेजारची बादली दोन वीत उडाली. वीतभर तरी नक्कीच. सगळ्या पेट्यांमधली बाळं जागी होऊन रडू लागली. ताई धावत आली. तिने चिमटीची हनुवटी बोटाने सावरली, नळी जागेवर बसवली आणि काचेकडे वळून पाहिलं.

मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर बुडबुडा सोडला. मग दुसरा. मग थांबलेच नाही.

छोटूचे डोळे पडद्यावर खिळले होते. टेकड्या हळूहळू ठेंगण्या झाल्या, सारख्या झाल्या आणि ओळीने चालू लागल्या.

"ताई, इकडे बघ," तो म्हणाला. "तुझा बुडबुडा आला आणि माझी लाट सरळ झाली. तिचा श्वास अडला तेव्हा इथे रक्त उसळलं. म्हणजे आपण इतके दिवस एकाच गोष्टीवरून भांडत होतो."

"मी भांडत नव्हते," ताई म्हणाली. "मी बरोबर होते." पण असं म्हणताना तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

छोटू चिमटीच्या आईपुढे जाऊन उभा राहिला. "तुम्ही सांगत होतात आणि मी तुम्हाला गप्प केलं. पुन्हा असं झालं तर हात वर करू नका. सरळ माझ्या पाठीत धपाटा घाला."

बाहेरून धावत आलेली आत्या म्हणाली, "ते माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी छोटूने चिमटीचा मेंदू पुन्हा तपासला. मग आठवड्याने पुन्हा. आई दर वेळी खुर्चीची कड घट्ट धरून बसायची. शेवटच्या तपासणीला तिने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, "काही तुटलंय का हो?"

"काही नाही," छोटू म्हणाला. "एक धागासुद्धा नाही."

शांत तास राहिला, पण त्याचा नियम बदलला. त्या तासात दोघींना बोलायची मुभा: बरणीला आणि बाळाच्या आईला. यंत्रांच्या घंटाही परत सुरू झाल्या, फक्त हलक्या केल्या. छोटूने पेटीत आवाज मोजायचं यंत्र ठेवून पाहिलं. हवा बेताची ठेवली तर मी आत्याच्या कुजबुजीपेक्षाही हळू बोलते, असं निघालं. आत्याला हे कुणी सांगितलं नाही.

मग बहीणभावांनी एकत्र कामाला सुरुवात केली. एका बाळाजवळ बरणी आणि टाळूवर यंत्र, दोन्ही एकदम. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून इतर दवाखान्यांना विचारलं, तिथेही बरण्या बुडबुडू लागल्या. माझ्या किती बहिणी झाल्या म्हणता? एका रांगेत ठेवल्या असत्या तर समुद्र ओलांडून पलीकडे गेल्या असत्या. निदान किनाऱ्यापर्यंत तरी. वर्षांमागून वर्षं मोजणी चालली, आणि ज्या बाळांचा श्वास हलक्या हाताने सांभाळला गेला, त्यांची फुप्फुसं कमी दुखावली होती आणि मेंदूही.

तो निकाल सांगायला मोठं सभागृह भरलं. मला मंचावर मानाने ठेवलं, पाण्याने भरून, नळी लावून. त्या दिवशी फुप्फुसांबद्दल छोटू बोलला आणि मेंदूबद्दल ताई. सभा टाळ्या वाजवायला उठणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून चिमटीचा आवाज आला. ती आता आईच्या हाताला न जुमानणारी झाली होती आणि तिला मंचावर येऊन माझ्यात हात घालायचा होता. आई नाही म्हणाली. चिमटीने छाती भरून श्वास घेतला आणि असा सूर लावला, की छताचे दिवे थरथरले. यात माझी भर एका शब्दाचीही नाही.

आई घाईने तिला उचलून दाराकडे निघाली, तोंडाने सगळ्यांची माफी मागत.

"थांबा, बाहेर नेऊ नका," छोटू माइकवरून म्हणाला. "रडू द्या तिला."

सभागृह उभं राहिलं. टाळ्या कुणासाठी होत्या ते मला नीट सांगता येणार नाही. माझी समजूत आहे की निम्म्या माझ्या.

आता मी कपाटात असते. माझ्या जागी हलक्या प्लास्टिकच्या बरण्या आल्या आहेत. चुणचुणीत आहेत पोरी, छान बुडबुडतात. तुम्हाला एवढीच विनंती, मित्रांनो. आवाज करणाऱ्याला गप्प करण्याआधी तो काय सांगतो आहे ते विचारा. आणि तुमच्या घरात, वर्गात, रोज बडबडणारं कुणी एक दिवस अचानक गप्प झालं, तर शांतता मिळाली म्हणून खूश होऊन बसू नका. उठा आणि जवळ जाऊन बघा.