माझ्याआड पडलेला फासा

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. पाणी तापवायच्या टाकीच्या खोक्यातून कापलेला, चार घड्यांचा, कडांना निळी चिकटपट्टी लावलेला. पुठ्ठा म्हणून नाक मुरडू नका. माझ्या एका बाजूला एकशे चाळीस राक्षस राहत होते आणि दुसऱ्या बाजूला तीन माणसं बिस्किटांवर सॉसेजच्या चकत्या ठेवून खात बसलेली असत. मधे मी एकटा उभा. तेरा हिवाळ्यांत एकही राक्षस माझ्या परवानगीशिवाय पलीकडे गेला नाही. माझी वरची कड करपलेली दिसते ना, ती एका ड्रॅगनच्या श्वासाने. लोक म्हणतात, आर्डिसच्या स्टोव्हने. लोक तेव्हा तिथे नव्हते.

मला घडवलं आर्डिस कूलने. विस्कॉन्सिनमध्ये, विनेबागो तळ्याच्या काठी तिचं मासेमारीच्या आमिषांचं दुकान होतं. दर शनिवारी दुपारी ती पुढच्या दाराला कडी लावायची आणि मागच्या खोलीत खेळ मांडायची. हा बसून बोलायचा खेळ. आर्डिस एक जग सांगायची आणि बाकीचे त्यातली माणसं व्हायचे. काही करायचं म्हटलं की ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. आर्डिसचे कागद आणि तिचे फासे माझ्याआड. मी उभा राहिलो की खोलीतले आवाज आपोआप खाली यायचे. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनेच सांगतो.

मग एका शरद ऋतूत हार्लन टेश वारला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. जानेवारीत त्याची बायको मर्ना आली. बावीस वर्षं शाळेची बस चालवणारी बाई. तिने हार्लनच्या फाशांची पिशवी टेबलावर ठेवली.

"अकरा वर्षं दर शनिवारी हा माणूस इथे करत काय होता, ते मला बघायचंय," ती म्हणाली. "तीन शनिवार येईन. नाही कळलं, तर हे फासे चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकीन."

"तीन पुरतील," आर्डिस म्हणाली. पण माझ्याआड तिची मूठ आवळलेली होती, ती मी पाहिली.

अडचण होती ड्वेन व्लासाकची. ड्वेन टपाल वाटायचा, आणि खेळातल्या राक्षसांचं अख्खं पुस्तक त्याला गल्लीतल्या पत्त्यांसारखं तोंडपाठ होतं. पहिल्या शनिवारी आर्डिसने पुलाखालून एक हिरवा हात बाहेर काढला. खेळात ड्वेन मेंढपाळ होता आणि मर्ना मीठ विकणारी बाई झाली होती. वेगळं नाव घ्यायला मात्र ती तयार नव्हती. तिने सुरीने तो हात तोडला, आणि तोडलेला हात बोटांवर चालत परत आला. मर्नाने खुर्ची मागे सरकवली. आता ती घाबरणार, आता तिला कळणार, असं मला वाटलं. तेवढ्यात ड्वेन सॉसेज चावत म्हणाला, "ट्रोल आहे. जाळला की संपला. पुढे चला."

मर्नाने खुर्ची पुन्हा जवळ घेतली नाही.

"ड्वेन, तुझा मेंढपाळ कधी गावाबाहेर गेलेला नाही," आर्डिस म्हणाली. "त्याला हे कसं कळलं?"

"मग काय, मला माहीत आहे ते डोक्यातून खरवडून काढू?"

त्याचंही खोटं नव्हतं. म्हणून आर्डिसने माझ्या पाठीवर जाड शाईने लिहिलं: कोणी सांगितलं? ज्याला राक्षसाबद्दल काही सांगायचं असेल, त्याने आपल्या पात्राला ते कोणी सांगितलं, तेही सांगायचं. मग आर्डिस माझ्याआड फासा टाकणार. दहा किंवा जास्त पडले तर सांगणारा खरा. कमी पडले तर ती ऐकीव गोष्ट चूक, आणि राक्षस आर्डिस म्हणेल तसा.

दुसऱ्या शनिवारी ड्वेनने प्रत्येक राक्षस आपल्या मेंढपाळाच्या आजीवर ढकलला. नजरेने दगड करणारा कोंबडा? आजीने सांगितलं. भिंतीतलं भूत? आजीने.

"या आजीने मेंढ्या राखल्या कधी?" नॉर्बर्टने विचारलं. नॉर्बर्ट हा तिसरा भिडू, तो फारसं बोलायचा नाही, खायचा.

"संध्याकाळी," ड्वेन म्हणाला.

फासेही मेले त्याच्याच बाजूने पडत राहिले. मर्नाने दोनदा घड्याळ बघितलं.

तिसरा शनिवार. दलदलीतून लव्हाळ्याचा एक भारा उठला आणि माणसासारखा चालू लागला.

"जाळा त्याला. आजीने सांगितलं," ड्वेन म्हणाला.

माझ्याआड फासा पडला. तीन.

मर्नाने मशाल फेकली. त्या भाऱ्याने जाळ पाण्यासारखा पिऊन टाकला, दुप्पट झाला आणि मेंढपाळाचा गळा धरला.

"पुस्तकात असं नाही," ड्वेन म्हणाला.

"पुस्तकात नसेल. दलदलीत आहे."

ड्वेन कागद बघायला माझ्यावरून वाकला. मित्रांनो, तेव्हा मी स्वतःहून पुढे झुकलो आणि त्याच्या नाकावर आपटलो. वारा होता, असं म्हणतात. दार बंद होतं.

"बस खाली," आर्डिस म्हणाली. "तुझे पाय चिखलात आहेत."

आता कोणालाच काही माहीत नव्हतं. ड्वेनचा चेहरा पांढरा पडला होता. मर्ना मात्र उभी राहिली होती.

"हे ऊब खातं ना? बाहेर हवा कशी आहे?"

"जानेवारी," आर्डिस म्हणाली.

"मग त्याच्यावर पाणी ओता. टोप्यांनी, बुटांनी, मिळेल त्याने. आणि वाऱ्यात राहू द्या. बसच्या दारासारखं गोठेल."

"थांब," ड्वेन म्हणाला. "मीठ विकणाऱ्या बाईला हे कोणी सांगितलं?"

"अरे, गळा तुझाच धरलाय," नॉर्बर्ट म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

मर्नाने पिशवीकडे पाहिलं. "नवऱ्याने," ती म्हणाली. "दार गोठलेलं होतं. मी किटलीतलं पाणी ओतायला निघाले, तर त्याने किटलीच काढून घेतली. म्हणाला, ओतलंस तर दुप्पट गोठेल."

 आर्डिसने विचारलं, "त्याचाच फासा टाकू?" मर्नाने मान डोलावली.

हार्लनचा फासा माझ्याआड घरंगळला, माझ्या घडीला आपटला आणि थांबला. आर्डिसने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"खरं सांगितलं होतं त्याने," ती म्हणाली.

भारा गोठला. मेंढपाळ एक बूट गमावून खाली पडला. मर्नाने जाकीट चढवलं, पण फाशांची पिशवी टेबलावरच राहू दिली.

"पुढच्या शनिवारी चीज मी आणते," ती म्हणाली. "आणि ड्वेन, तुझ्या आजीला घरी ठेव."

आता मी दुकानाच्या माळ्यावर आहे. पट्टी सुटली आहे, पाठीवर कॉफीचे गोल डाग आहेत. माझ्यासारखं कोणी तुमच्या घरी असेल, तर त्याच्यावर ओले कप ठेवू नका. आणि ज्याला अजून माहीत नाही, त्याचं ते न कळणं सांभाळा. एकदा हिसकावलं की परत देता येत नाही.

मागच्या वर्षी ड्वेन माळ्यावर आला. म्हातारा झालाय. त्याने धूळ पुसून मला उभं केलं, समोर बसला आणि हळूच विचारलं, "किती पडले होते रे त्या दिवशी?"

मी पुठ्ठा आहे, मित्रांनो. मी उभा राहिलो.