सांगता येत नाही

“काकू, एवढा शेवटचा प्रश्न. राष्ट्रीय संघाचा कर्णधार बदलायला हवा. पूर्ण सहमत, काहीसे सहमत, काहीसे असहमत, की पूर्ण असहमत?”

“अगं, मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. सून येईल एवढ्यात, तिला विचार.”

“सुनेचं नको, काकू. तुमचंच मत हवंय.”

“माझं?” पलीकडची म्हातारी खुदकन हसली. “माझं मत घेऊन काय कुलपात ठेवणारेस?”

तिने आभार मानले आणि नऊ दाबला.

नऊ म्हणजे ‘सांगता येत नाही’. हा पर्याय फॉर्मवर असतो, पण वाचून दाखवायचा नसतो. समोरच्याने आपणहून म्हटलं, तरच दाबायचा. लोकांची मतं मोजणाऱ्या त्या कचेरीत नऊला कोणी सख्खं मानत नसे. ‘बासष्ट टक्के लोक म्हणतात’ हे छापता येतं. ‘बासष्ट टक्के लोकांना सांगता येत नाही’ असा मथळा अजून कुठल्या वर्तमानपत्राने दिलेला नाही. म्हणून नियम होता. प्रश्न चौदा, त्यांचा क्रम दर फोनला बदलणारा; त्यांत पाच नऊ चालतील, सहावा आला की फॉर्म बाद. महिन्यात वीस फॉर्म बाद झाले की नाव यादीत. यादी कसली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. उद्यापासून निम्म्या खुर्च्यांवर यंत्राचा आवाज बसणार होता. त्याचा घसा बसत नाही, त्याला चहा लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसायची खोड तर त्याला नाहीच नाही.

तिचे एकोणीस फॉर्म बाद झाले होते. काकूंचा पाच नऊंवर, म्हणजे काठावर पास. महिन्याचा शेवटचा दिवस, साडेचार वाजलेले, सुटायला अर्धा तास.

“ताई, तुमचं चुकतं कुठे सांगू?” शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली. तिला सगळे झटपट म्हणत. दिवसाला चाळीस फॉर्म, आणि त्यांत नऊ औषधालाही नाही. “तुम्ही प्रश्न विचारता आणि गप्प बसता. गप्प बसलं की माणूस विचार करतो, आणि विचार केला की गेलाच तो नऊवर. मी सरळ म्हणते, काका, सहमत धरू ना? ते म्हणतात, धर बाई. संपलं!”

“आणि त्यांना असहमत व्हायचं असलं तर?”

“मग मी विचारेपर्यंत काय झोपले होते?”

ती ऐकून हसली. हसायलाही जरा जोर लावावा लागला. सकाळपासून एकतीस लोकांची मतं कानात साठली होती आणि मान दगडासारखी झाली होती.

यंत्राने पुढचा फोन लावला. पडद्यावर नंबर दिसत नसे, नुसती घंटी ऐकू येई.

“बोला, ऐकतोय.”

तिचा हात जागच्या जागी थांबला. फोन उचलून असं म्हणणारा माणूस जगात एकच असेल असं नाही. पण मागे टीव्हीवर तावातावाची चर्चा, आणि फोन कानाला असतानाच त्या चर्चेवर “खोटं बोलतोय लेकाचा” हा शेरा, म्हणजे हा तिचाच नवरा.

नात्यातला माणूस लागला तर काय करायचं, तेही ठरलेलं होतं. ‘ओळखीचा’ हे बटण दाबायचं, चौकटीत नातं लिहायचं, फोन ठेवायचा. तो फॉर्म कशातच धरत नसत. तिने बोट तिकडे नेलंही. पण मग तिच्यातला व्यवहारी जीव जागा झाला. या माणसाची मतं दगडावर कोरलेली. सरकार, विरोधक, कर्णधार, मोबाइल. सगळी तिला पाठ, सकाळच्या चहापासून ती तेच ऐकत आलेली. इतका स्वच्छ फॉर्म झटपटलाही जन्मात मिळाला नसता.

आवाज ओळखला जाईल ही भीती नव्हती. कचेरीतला तिचा आवाज गोड, ठसठशीत, शब्दाशब्दाला इस्त्री केलेला. तेवीस वर्षांच्या संसारात तो घरी वापरायची वेळच आली नव्हती.

“नमस्कार सर, चालू घडामोडींवर आम्ही लोकांची मतं जाणून घेतोय. दहा मिनिटं मिळतील का?”

नवऱ्याला ती पहिल्यांदाच सर म्हणाली.

“मिळतील की. थांबा, आतल्या खोलीत जातो. इथे फार गोंगाट आहे.”

“सरकारची धोरणं योग्य दिशेने चालली आहेत. पूर्ण सहमत, काहीसे सहमत, काहीसे असहमत, की पूर्ण असहमत?”

तिचं बोट आधीच चारवर जाऊन बसलं होतं.

“सांगता येत नाही,” तो म्हणाला.

“थोडा विचार करून सांगा, सर.”

“केला ना. नाही येत सांगता.”

विरोधकांचं? नाही येत. शेजारी देशांशी बोलणी? नाही येत. मोबाइलमुळे मुलं बिघडली? “बिघडली म्हणतात खरं,” आणि पुन्हा तेच. कर्णधार? कालच त्या कर्णधाराचा उद्धार करताना याने जेवता जेवता ताट बाजूला सारलं होतं.

“चांगलाही असेल बिचारा. एवढ्या लोकांपुढे उभं राहायचं म्हणजे काय गंमत आहे? नाही मॅडम, नाही सांगता येत.”

पाच नऊ झाले. ती सावरून बसली.

“नव्या यंत्रांमुळे सामान्य माणसाचं जगणं सोपं झालं आहे.”

सव्वीस वर्षं तो दारोदार फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपत होता. आठ महिन्यांपूर्वी मीटरच आपले आकडे आपण कळवू लागले. तेव्हापासून या विषयावर घरात रोज तासभर व्याख्यान असे, आणि आले-गेलेही त्यातून सुटत नसत. इथे तरी चार पडणार, पूर्ण असहमत, ठणठणीत.

“मॅडम, तुम्ही ओळखीच्या नाही म्हणून बोलतो. घरात मी फार बोलतो. सगळ्यांवर बोलतो. बायको ऐकून घेते. तिला वाटतं, याला सगळं कळतं.”

तिला असं कधीही वाटलं नव्हतं. पण ही दुरुस्ती करायची ही जागा नव्हती.

“खरं सांगू? मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय. परक्याच्या घरात शिरलो तरी मीटर कुठे असेल ते न विचारता सांगायचो मी. जिन्याखाली, दारामागे, वाळत घातलेल्या कपड्यांमागे. आता सकाळी उठल्यावर स्वतःच्या घरात कुठे बसायचं तेही ठरत नाही. गप्प बसलो तर ती घाबरेल. म्हणून बोलत राहतो. तुमच्या यंत्राचं काय ते... लिहा, सांगता येत नाही.”

सहावा. फॉर्म बाद झाला.

‘ओळखीचा’ हे बटण अजूनही तिथेच होतं. तिने उरलेले प्रश्न एकेक करून विचारले, न ढकलता, प्रत्येकानंतर थांबत. त्याने सगळ्यांना तेच उत्तर दिलं. चौदावा होता, “माझं म्हणणं ऐकून घेतलं जातं, असं मला वाटतं.”

“आज वाटलं,” तो म्हणाला. “लिहा, पूर्ण सहमत.”

पाच वाजता साहेब तिच्या खुर्चीशी आले. वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि वाईट बातमी देताना आणखी लहान दिसणारे.

“ताई, तेरा नऊ? माणूस जिवंत होता ना?”

“होता.”

“हा विसावा हो तुमचा. ओळखीतला होता का कोणी? तसं असेल तर सांगा. नातं लिहा, मी रेकॉर्डिंग ऐकतो आणि फॉर्म काढून टाकतो. सुटलात तुम्ही.”

झटपटनेही कान टवकारले. तिला मनापासून ताई सुटायला हव्या होत्या. पण ऐकलेलं पोटात ठेवण्याची तिची ख्याती नव्हती.

पडद्यावर नात्याची चौकट रिकामी होती. दोन-तीन अक्षरांचं काम. मग ते रेकॉर्डिंग साहेब ऐकणार, आणि उद्याच्या चहाला कचेरीभर होणार. कधी नव्हे ते चार शब्द खरे बोललेला माणूस ‘ताईंचा नवरा’ होऊन खुर्च्याखुर्च्यांतून फिरणार.

“नाही,” ती म्हणाली. “अनोळखी होता.”

“नक्की?”

“नक्की. याआधी कधी बोललेच नव्हते त्याच्याशी.”

साहेबांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

ती घरी पोचली तेव्हा टीव्ही जोरात चालू होता आणि तो खुर्चीच्या टोकावर, लढाईच्या पवित्र्यात.

“आलीस? बघ, बघ हा काय बरळतोय! दोन मिनिटं माझ्यासमोर बसवा याला, सरळ करतो की नाही बघ. यांना लोकांच्या मनातलं काही कळतं का?”

तिने पिशवी ठेवली, रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

“अगं, राहू दे ना. ऐकतोय मी.”

“मला ऐकू येत नव्हतं.”

“काय ऐकू येत नव्हतं?”

“तुमचं.”

पुढचं मत त्याच्या ओठांवर आलं होतं, ते तिथेच राहिलं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे. उद्या तिलाही कुठे जायचं नव्हतं, पण ते नंतर. चपलाही न काढता ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. पडद्यावरचे चौघे आवाजाविना हात नाचवत राहिले.