बिनडब्याचं इंजिन

सकाळी सात चाळीसला गाडी भिंतीपलीकडे गेली आणि परत आली नाही.

गाडी पत्र्याची. हिरवं, चावीचं इंजिन आणि मागे एक उघडा डबा. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांनी रोजच्यासारखे पंधरा पीळ देऊन ती सोडली होती. त्यांच्या खोलीतले रूळ भिंतीच्या तळाशी पाडलेल्या विटेएवढ्या भोकातून शेजारच्या घरात जात. तिथे ताई एकटी राहायची, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. रूळ तिच्या पलंगाच्या पायाशी संपत. झोपताना ती कानातलं यंत्र काढून ठेवी. मग दार ठोका नाहीतर फोन करा, तिला पत्ता नसे. पण इंजिन पलंगावर आदळलं की तो धक्का तिच्या अंगाला कळे. ती इंजिन उचलून उलटं फिरवी, डबा पुन्हा जोडी, तिच्याकडच्या चावीने पीळ देई आणि डब्यात चिठ्ठी टाकून गाडी परत पाठवी: 'उठले.' सगळा कारभार चार मिनिटांचा.

ही आगगाडी वडिलांनी दोघांत मिळून आणलेली. पण लहानपणी स्टेशनमास्तर कायम धाकटा आणि ताईच्या वाट्याला घसरलेले डबे उचलणं. भोक पाडून झालं आणि गाडी पहिल्यांदा खडखडत तिच्या खोलीत शिरली, तेव्हा ताईने पोरीसारख्या टाळ्या पिटल्या होत्या. "सत्तरी उलटल्यावर का होईना, मिळालं बाई मला स्टेशन!" तेव्हापासून संध्याकाळी काही कारण नसतानाही गाड्या सुटत. कधी डब्यातून बिस्किट जाई, कधी एकच शेंगदाणा, आणि भिंतीपलीकडून हसू ऐकू येई.

पावणेआठ झाले, आठ झाले. निरीक्षक खुर्चीतून उठले नाहीत, कारण काल दोघांची जुंपली होती. इंजिन कुरकुरतं म्हणून ताईने त्यात स्वयंपाकाचं तेल ओतलं होतं.

"अगं, इंजिन आहे ते, कढई नव्हे! साठ वर्षं जपलंय मी."

"तू जपलंस? आणि डबे कोण उचलत होतं रे?"

"त्याचा सूड उगवतेस होय तेल ओतून?"

"राहिलं! ठेव तुझी गाडी तुझ्यापाशी, स्टेशनमास्तर. उद्यापासून हात लावला तर नाव बदलीन."

रात्री जेवायच्या आधी त्यांनी दात्यांमधलं सगळं तेल रॉकेलने धुऊन काढलं होतं. सकाळच्या डब्यात चिठ्ठी ठेवली होती. तिच्यावर एकच शब्द होता: 'चुकलो.' हा शब्द त्यांनी ताईला आजवर लिहिला नव्हता. तोंडाने तर नाहीच. आता ती तो वाचून मुद्दाम ताटकळत ठेवते आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ठेवू दे. मोठी आहे, हक्क आहे.

आठ वीसला त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताई रुसली तरी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. लहानपणापासून ती रुसल्याचं सांगायला स्वतः यायची, आणि ते ऐकून घेतलं नाही तर दुसऱ्यांदा यायची.

ते चप्पल न घालताच धावले. तिच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असे. किल्ली फिरली, दार हललं नाही. आतून कडी होती. बाईमाणूस एकटं राहतं म्हणून मागच्या वर्षी ती जाड लोखंडी कडी निरीक्षकांनीच उभं राहून बसवून घेतली होती. त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या, मग रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या माणसाने निवांतपणे पत्ता दोनदा विचारला आणि अर्धा तास लागेल म्हणून सांगितलं.

त्यांनी बोलावलेला कोपऱ्यावरचा किल्लीवाला आठ चाळीसला आला. त्याने दारावर बोटाने ठोकून अंदाज घेतला.

"साहेब, ही कडी घराला लावलीय की तिजोरीला?"

"फोडा. दार गेलं तरी चालेल."

"फोडतो हो. पण कडी नेमकी कुठेय ते तरी सांगा, नाहीतर दाराची चाळण होईल."

निरीक्षकांना ती इंचात पाठ होती. जमिनीपासून एकोणपन्नास. ड्रिल सुरू झालं. तिथे उभं राहवेना, म्हणून ते आपल्या खोलीत येऊन भोकाशी पालथे पडले. बॅटरीच्या उजेडात रूळ दिसले, पुढे वळणावर कपाटाचा पाय, बस्स. पलंग वळणाच्या पलीकडे.

"ताई! अगं ए ताई!"

आठ बावन्नला ड्रिल मध्येच थांबलं आणि त्यांना आवाज आला. टक, टक, टक. रुळांच्या सांध्यांवरून चाकं येत होती. इतक्या हळू की प्रत्येक सांधा मोजता यावा. वळणावरून हिरवं इंजिन आलं, भोकात शिरलं, आणि त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर थांबलं. तोंड त्यांच्याकडे होतं. म्हणजे कोणीतरी ते उचलून फिरवलं होतं.

"आहे! अहो, आहे ती!" ते ओरडले.

"कोण?" ताईच्या दाराशी असलेला किल्लीवाला म्हणाला.

त्यांनी हात घालून इंजिन बाहेर काढलं. मागे डबा नव्हता. चिठ्ठीही नव्हती. स्प्रिंग पूर्ण उतरलेली. एका पिळाला मोकळं इंजिन तीन फूट जातं, हे त्यांनी पूर्वीच मोजून वहीत लिहिलेलं. पलंगापासून इथवर बारा फूट. चार पीळ. ताई एरवी पंधरा द्यायची.

काल सगळं तेल धुऊन काढलेलं, तेव्हा तेलाला दोष देता येईना. ते बसल्या जागी हात लावून बघू लागले. इंजिन मांडीत दाबून धरलं तर चावी एका हाताने फिरते. फिरवून रुळावर ठेवणंही एका हाताने जमतं. डबा अडकवायला मात्र दोन हात लागतात.

त्यांनी डावा हात पाठीमागे नेला आणि पुन्हा एकदा करून पाहिलं. डबा अडकला नसता.

आठ सत्तावन्नला रुग्णवाहिका आत्ता कुठे निघाल्याचा फोन आला. किल्लीवाल्याचं तिसरं भोक कडीला लागलं होतं, कडी अजून तुटली नव्हती. निरीक्षकांनी इंजिनाला पंधरा पीळ दिले, फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि सोडलं. पलंगावर आदळल्याचा आवाज इथवर आला.