उजव्या पारड्याची कृपा

"लेकराचं वजन दरवेळी एकाच काट्यावर, एकाच रीतीनं करत जा, पूनम," अंगणवाडीच्या धम्मशीलाताईंनी बजावलं होतं. बी.कॉम. झालेल्या पूनमने ते हसण्यावारी नेलं. काटा तो काटा!

आज वडनेर भोलजीच्या मंडपात ती दहा महिन्यांच्या, वजन कमी म्हणून दवाखान्याचं औषध चालू असलेल्या किट्टूला घेऊन उभी होती. गूळतुलावाल्या महाराजांपुढे बायकांची झुंबड उडाली होती. पंधरा दिवसांपूर्वी डाव्या पारड्यात किट्टू बसला, तेव्हा सहा किलो गूळ लागला. मग अंगाऱ्याचं पाणी सुरू; औषध, अंडं बंद. आज किट्टू 'देवाच्या उजव्या हाताला' बसला आणि गूळ भरला सात किलो दोनशे साठ!

"शेकडा एकवीस वाढ!" महाराज गरजले. "डॉक्टरले जमते का?" गूळ अर्थातच महाराजांच्या पोत्यात.

"पाह्य, अन् तू रडून राह्यली होती," सासूबाई झुंबरबाई म्हणाल्या. "आता दवाखाना नाही."

पण किट्टूची काळ्या मण्यांची मनगटी होती तेवढीच ढिली होती.

तेवढ्यात शेजारच्या अन्नपूर्णाची पोर तुलेवर बसली. आधी पाच किलो, आता सहा किलो पन्नास ग्रॅम. पूनमने मोबाइलवर हिशेब केला. पुन्हा एकवीस टक्के! दोन पोटं, दोन भुका, अन् वाढ तंतोतंत सारखी?

महाप्रसादाच्या चुलीजवळून तिने पाच किलो पिठाची सीलबंद पिशवी उचलली. डाव्या पारड्यात ती ठेवली, तर गूळ लागला साडेचार किलोच्या आसपास. उजव्यात, साडेपाच.

"पिठात श्रद्धा नसते, बाई!" महाराज घाईने म्हणाले.

"पण वाढलं न बाप्पा!" झुंबरबाईच ओरडल्या. "काऊन हो महाराज, पिठानं कधी पेला तुमचा अंगारा?"

पूनमने तराजूची दांडी बोटांनी मोजली. डावीकडे दहा बोटं, उजवीकडे अकरा. रिकामा तराजू झुकू नये म्हणून डावं पारडं मुद्दाम जड केलेलं. आखूड बाजूला अकराचे दहा दिसतात, लांब बाजूला दहाचे अकरा. सहा किलो सहाशेचा किट्टू आधी सहा, मग सात दोनशे साठ!

अंगणवाडीच्या काट्यानेही सहा किलो सहाशेच सांगितलं. पंधरा दिवसांत एक ग्रॅम वाढ नाही. त्याच संध्याकाळी झुंबरबाईंनी स्वतः अंडं उकडलं.

महाराजांनी मात्र तराजू गुंडाळून दुसरं गाव गाठलंय. ते तुमचंही असेल. म्हणून पूनमचं एवढंच मागणं: तुमच्या आळीत एखादं लेकरू 'वाढलं' म्हणून त्याचा दवाखाना बंद झाला असेल, तर आजच त्याच्या घरी जा. त्याची मनगटी जरा फिरवून पाहा.