दौंडचं पिंप

विज्ञानात हेव्यादाव्याला थारा नसतो. विज्ञान शिकवणाऱ्यांना मात्र वर्गमित्र असतात आणि बायकोचं माहेर असतं. शिरूरच्या हायस्कुलातल्या चांगदेव मास्तरांचा वर्गमित्र ज्ञानदेव दौंडात मास्तर होता, आणि त्यांच्या बायकोचं, सिंधूबाईंचं, माहेरही नेमकं दौंडातच.

चौऱ्याहत्तर साली त्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या डायरेक्टरांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, भर सभेत जाहीर केलं, की मैल्याच्या गाळातून आणि उसाच्या पाचटातून जो ॲसिड काढून दाखवील, त्याला केमिस्ट करू, क्वार्टर देऊ. कृती पुस्तकात होतीच. दोन्ही पिंपात कोंबायचं, झाकण घट्ट लावायचं, आत हवा जाऊ द्यायची नाही. बाकीचं जंतू बघतात. ज्ञानदेवनं रेल्वे कॉलनीच्या टाकीतला गाळ आणला, चांगदेवांनी नगरपालिकेचा. पाचट दोघांनी राहू गावाहूनच आणलं.

सिंधूबाई माहेराहून परतल्या, तेव्हा त्यांची पिशवी अजून हातातच होती.

"ज्ञानदेवच्या पिंपाला वास येतो?" चांगदेवांनी विचारलं.

"येतो की. पण आपल्याइतका नाही."

हे लागलं. वास कमी, म्हणजे झाकण पक्कं; घाणीतसुद्धा गडी पुढं गेला होता.

"आणखी काय?"

"पिंपाशेजारची पपई बघा कशी लगडलीय. भावजींचा हातच तसा."

"पपईचं कुणी विचारलं?"

त्या दिवसापासून चांगदेव रोज झाकण उघडू लागले. आपलं ॲसिड ज्ञानदेवच्या पुढं आहे की मागं, हे बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागेना. आत हवा गेली की सगळं फुकट, हे ते शाळेत फळ्यावर लिहीत आणि घरी येऊन झाकण काढत.

"अहो, भात शिजताना मी तरी इतक्यांदा बघते का?" सिंधूबाई म्हणाल्या.

"भाताची कुणाशी शर्यत नसते," चांगदेव म्हणाले.

ठरल्या दिवशी बापूसाहेबांची जीप शिरूरला आली. त्यांनी पिंपात काठी घालून ढवळलं, चिमूटभर काळं बोटांत चुरगाळलं आणि हुंगलं.

"मास्तर, ह्याला ॲसिड म्हणत्यात व्हय? हे खत हाय. पर झकास हाय. वांग्यास्नी घाला."

मग जीप दौंडला निघाली. चांगदेव न बोलावता मागं चढून बसले. ज्ञानदेव जिंकणारच होता. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं.

ज्ञानदेवचं पिंप पपईखाली उभं होतं. झाकण डांबरानं बंद, वर झेंडूचा हार. भरल्या दिवसापासून त्यानं हात लावला नव्हता. छिन्नीनं झाकण उचकटलं. आत पाचटाचा कोरडा बोळा होता आणि त्याखाली जमीन दिसत होती. बूड गंजून गळून पडलं होतं. जे काही तयार झालं, ते पपईनं पिऊन टाकलं होतं.

"रिकामं हाय की हो," बापूसाहेब म्हणाले.

"रिकामं कसलं, साहेब," ज्ञानदेव शांतपणे म्हणाला. "ॲसिड झालं, म्हणून तर बूड खाल्लं."

बापूसाहेबांनी विचार करून मान डोलावली. आपल्या पिंपाचं बूड शाबूत असल्याचं चांगदेवांना पहिल्यांदाच दुःख झालं.

परतताना जीपमध्ये पपया होत्या. केमिस्टची जागा कारखान्यानं भरलीच नाही.