होणाऱ्या गैरसोयीबद्दल

काकांचा आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर घोषणा केल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कुठली उशिरा येईल, कुठली आज यायचीच नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' पोरंसोरं त्यांना भोंगाकाका म्हणायची. घरात मात्र भोंगा बंद. काकू म्हणायच्या, "गावाला एवढं सांगून झाल्यावर माझ्या वाट्याला काय उरणार? एक 'हं' आणि एक 'बरं'."

हे त्या हसून म्हणायच्या. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी ते हसू आटलं. मोतीबिंदूने दिसेनासं झालं तरी काकू सवयीने शिलाई मशीनवर बसत, आणि एकदा सुई बोटातून आरपार गेली. शेजारणीबरोबर जाऊन त्या मलमपट्टी करून आल्या, तर खिडकीखालची जागा रिकामी. काकांनी मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. विचारायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. ते मशीन काकूंनी स्वतःच्या शिलाईतून घेतलेलं. लेकीचा पहिला फ्रॉक त्यावर शिवलेला. काका एवढंच म्हणाले, "बोट गेलं असतं." काकूंनी मुकाट्याने जेवायला वाढलं आणि त्या दिवसापासून त्या कामापुरतंच बोलू लागल्या.

भेटायला आलेल्या लेकीला सांगावं लागलं नाही. "ऑपरेशन होऊन चष्मा मिळाला की माझ्याकडे ये, आई. कायमची," ती म्हणाली, आणि काकू 'हो' म्हणाल्या. जाताना तिने एक पुस्तक ठेवलं. "उन्हाळ्यात जड काही नको. हे वाच, मनाला बरं वाटतं."

"डोळे मिटून वाचू?"

"बाबा वाचून दाखवतील."

"हं," बाबा म्हणाले.

ऑपरेशननंतर रोज दुपारी पडदे ओढून, काळा चष्मा लावून काकू पडून राहायच्या, आणि काका वाचायला लागले की खोलीचं बसस्थानक व्हायचं. "प्रकरण पहिले! सकाळी उठल्यावर एक मोठा ग्लास पाणी प्यावे!" हे पाणी आता फलाट तीनवरून सुटणार, असं काकूंना वाटलं. हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. राग असा हसण्यावारी घालवायचा नव्हता.

मग रागाचंच प्रकरण आलं. "राग आल्यास दीर्घ श्वास घ्यावा! दहापर्यंत अंक मोजावेत!" काका थांबले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि... एक माणूस होता. म्हणजे बघ, तो घाबरला."

काकूंनी कान टवकारले. छापलेलं वाचताना काका आयुष्यात कधी अडखळले नव्हते.

"बायकोच्या बोटाचं रक्त बघून घाबरला. सुईला काय बोलणार? मशीनवर राग काढला. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेला होता परत आणायला. तोवर त्याचे तुकडे झालेले."

पान उलटल्याचा आवाज आला नाही.

"बरा लिहितो हा लेखक," काकू म्हणाल्या. "पुढे?"

"पुढे... प्रकरण संपलं."

तेव्हापासून रोज पाणी, झोप, व्यायाम खणखणीत आवाजात व्हायचं, आणि शेवटी लेखकाची दोन-चार वाक्यं हळू आवाजात यायची. त्या माणसाला बायको शिवताना गुणगुणायची ते आवडायचं. त्याने तिला कधी सांगितलं नाही. आता घर फार शांत असतं. डॉक्टरांनी काकूंना रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण पुस्तकच तसं निघालं, त्याला इलाज काय? तरी एक शब्द काही येत नव्हता. दुसऱ्यांच्या उशिरा येणाऱ्या गाड्यांसाठी जन्मभर दिलगीर झालेला माणूस स्वतःच्या चुकीच्या भोवती घिरट्या घालत होता, आणि काकू त्या एका शब्दाची वाट बघत होत्या. तो आला नाही, तर त्या जाणार होत्या.

चष्मा आला. लेक न्यायला आली. बॅग दाराशी ठेवून काकूंनी पुस्तक उघडलं. दीर्घ श्वास होता, दहा अंक होते, आणि लगेच पुढच्या पानावर चालण्याचे फायदे. मध्ये थोडी कोरी जागा होती. माहीत असूनही काकूंनी त्या जागेवरून बोट फिरवलं.

"घेऊन जा ते," काका म्हणाले. "आता तुझं तुला वाचता येईल."

"येईल की. पण अहो, यातलं चांगलं ते छापलेलंच नाही."

काका कानापर्यंत लाल झाले.

"आई, चल ना," दारातून लेक म्हणाली. "गाडी थांबलीय."

काकू ताठ उभ्या राहिल्या आणि हुबेहूब काकांच्या आवाजात म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आईची आजची गाडी उशिराने सुटेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल..." तिथे त्या थांबल्या आणि नव्या चष्म्यातून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

पुढचं वाक्य काकांच्या जिभेवर जन्माचं बसलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की दारातल्या लेकीला ऐकूसुद्धा गेलं नाही.

"काय म्हणाले बाबा?" तिने विचारलं.

काकूंनी बॅग उचलली आणि खिडकीखालच्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवली.

"गाडी रद्द झाली म्हणाले," त्या म्हणाल्या.